खरवड

“हेमे, तू बोल आता. तुझ्यावर त्याचा लई जीव. म्हण, तात्या, मी लग्न करते.”

“आत्या, माझं लग्न होऊन मोडलंय. कावळ्यालासुद्धा ठाऊक असेल.”

“मग दुसरं करते म्हण! त्याला काय पत्रिका छापून दाखवायची हाय? नुसता शब्द पायजे.”

मी हात जोडले आणि मनातल्या मनात काहीच बोलले नाही. समोर घाटाच्या पायरीवर, दर्भावर, तात्यांचा पिंड होता. वर पिंपळावर कावळे होते. मधे कृष्णेवरून येणारा कोमट वारा होता. घडत मात्र काहीच नव्हतं.

एरवी आमच्या घाटावरचे कावळे म्हणजे दरोडेखोर. गुरुजींचा हात पिंडावरून निघायच्या आत झडप घालणारे. पण त्या वैशाखात, महामारीच्या दुसऱ्या वर्षी, गावात रोज इतके दहावे होत होते की कावळ्यांची पोटं सुटली होती. जेवून उठलेले जावई ओसरीवर बसतात तसे ते पंख सैल सोडून फांद्यांवर बसले होते. बोलावलं की नुसती मान वळवायचे. झाडावरचे कावळे असे गप्प, आणि ओरडत होते ते सगळे आमच्या पोटातले. कारण पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी तोंडात घास घालायचा नाही, आणि सोनाआत्या असताना नियमाला पळवाट नव्हती.

सोनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, तात्यांची, थोरली बहीण. पंच्याहत्तरी ओलांडलेली, वाळल्या उसासारखी ताठ. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा तात्यांना हिनंच वाढवलं. त्या दिवशी तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि तोंडावर गुलाबी सॅटिनचा मास्क होता, कडेला सोनेरी झालर असलेला. तसाच मास्क माझ्याही तोंडावर होता आणि घाटावरच्या निम्म्या लोकांच्याही. लग्नं बंद झाल्यावर आमच्या गावच्या मांडववाल्यानं कनाती फाडून मास्क शिवले होते. बँडमधला कॉर्नेटवाला गल्लोगल्ली जंतुनाशक फवारत फिरायचा आणि सवयीनं वळणावर मान डोलवायचा. गावात मयताला माणसं मोजून आणि तोंडावर मात्र लग्नाची झालर, असा सगळा कारभार होता.

आणि माझे तात्या, दत्तूतात्या आचारी, घरी बसले होते. पंचक्रोशीतल्या लग्नांना हजारोंनी जेवू घातलेला माणूस. त्यांना कमी माणसांचा स्वयंपाक येत नव्हता. सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं ठरवली तेव्हा तात्या म्हणाले होते, “पंचवीस माणसांत मी मीठ किती टाकू? चिमूट? माझ्या हाताला चिमूट ठाऊक नाही.” खरंच होतं ते. घरात आम्हा दोघांपुरतं वरण करायला बसले की त्यांना घाम फुटायचा, आणि शेवटी अख्ख्या आळीला बादलीनं वाटायला लागायचं. मी साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. कॉलेज बंद झालं म्हणून घरी आले आणि वर्षभर त्यांचं खारट वरण खाल्लं. तक्रार केली नाही. आज वाटतं, करायला हवी होती. भांडायला मजा आली असती.

“आत्याबाई, अकराला घाट बंद होतो,” केदार गुरुजी म्हणाले. तरुण माणूस. धोतर, त्यावर प्लॅस्टिकचा अंगरखा, डोळ्यांपुढे पारदर्शक पत्रा. “शेवाळे हवालदार शिट्टी मारतील. तुम्ही म्हणत असाल तर दर्भाचा कावळा शिववू. शास्त्रात सोय आहे.”

त्यांनी झोळीत हात घालून एक काढलाही. पानपट्टीवाला विडे लावून ठेवतो तसे दर्भाचे कावळे ते घरूनच वळून आणत होते. सकाळपासून आमच्या शेजारी विधीला बसलेल्या दोन घरच्यांनी ते मुकाट्यानं मान्य केले होते.

“गवताचा कावळा?” आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं भाजीवाल्यानं किडकं वांगं तराजूत टाकलंय. “गवताचा कावळा माझ्या भावाला जेवायला घालनार? गुरुजी, तुमच्या लग्नात बुंदी कुनी पाडली?”

“तात्यांनीच.”

“ती काय गवताची हुती?”

गुरुजींनी कावळा परत झोळीत ठेवला. आत्याचा आवाज मग एकदम खाली आला. “तुमाला काय सांगू. त्यो उपाशी गेलाय.”

हे तिला मीच सांगितलं होतं. सांगायला नको होतं, पण तिनं विचारलं, आणि त्या दिवशी काहीतरी सांगणं भागच होतं. ॲम्ब्युलन्स दारात आली तेव्हा मला जवळ जाऊ दिलं नाही. तात्या आत बसले, दार लागलं. काचेतून त्यांनी मला शोधलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी हनुवटी वर उचलली, श्वासासाठी असेल, आणि उजव्या हाताची पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली. गाडी निघाली.

भूक लागली होती त्यांना. मी घरात जाऊन मऊ भात केला, डबा भरला, दवाखान्याच्या फाटकावर दिला. रोज देत राहिले. तो आत पोचला की नाही, ते कधीच कळलं नाही. नंतर अस्थींचं एक मातीचं लोटकं मिळालं, वर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. नाव बरोबर होतं, एवढं मी पाहिलं.

म्हणून आत्याला खरा कावळा हवा होता. तिच्या हिशेबानं तात्या आयुष्यात एकदाच काहीतरी मागून गेले होते, आणि तेही आम्ही दिलं नव्हतं. आज कावळा शिवला तर भाऊ जेवला. नाही शिवला तर कायमचा उपाशी. मी ग्रंथालयात बसून आत्म्याबद्दल उलटसुलट पुष्कळ वाचलेली बाई. पण त्या पायरीवर माझाही हिशेब तिच्याहून वेगळा नव्हता.

“त्याच्या आवडीचं ठेवलंय का पानावर?” गुरुजींनी विचारलं.

इथे पंचाईत होती. आत्यानं पुरणपोळी आणली होती. “लहानपनी आवडायची.”

“तात्यांना गोड चालत नव्हतं,” मी म्हणाले. “म्हणून मी भाकरी आणि ठेचा आणलाय.”

“ठेचा तुला आवडतो.”

ते खरं होतं.

माझ्या हातातल्या फोनमधून माझा भाऊ नंदू बोलला. तो दोह्याला एका हॉटेलात आचारी. विमानं बंद म्हणून अडकलेला. तो असता तर पिंडदान त्याच्या हातून झालं असतं. तिथल्या भटारखान्यात पांढरी उंच टोपी घालून, डोळे पुसत तो म्हणाला, “मटण ठेवा.”

“नंदू, दहावा आहे.”

“मग अंडं तरी ठेवा. अगं, त्यांना नक्की काय आवडायचं?”

कुणालाच सांगता येईना. दोन मुलं, एक बहीण, आणि आयुष्यभर लोकांना जेवू घातलेल्या माणसाला काय आवडत होतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांना नीट पानावर बसून जेवताना कुणी पाहिलंच नव्हतं.

“रंगाकाकांना विचार,” नंदू म्हणाला.

रंगाकाका घाटाच्या वरच्या अंगाला, टेंपोजवळ उभे होते. तात्यांच्या हाताखाली वाढपी म्हणून त्यांचा जन्म गेलेला. लग्नं थांबल्यापासून ते त्या टेंपोतून कांदे-बटाटे विकायचे. टेंपोच्या काचेवर ‘अत्यावश्यक सेवा – भाजीपाला’ असा कागद होता. मात्र त्या दिवशी आत कांदे नव्हते. ताडपत्रीखालून मसालेभाताचा वास येत होता.

मी त्यांना सांगितलं होतं, विधी झाल्यावर आपल्या माणसांपुरता भात करून आणा. दहाबारा माणसं. रंगाकाकांनी मान हलवली, आणि सकाळी टेंपोतून कमरेएवढ्या उंचीची दोन पातेली आणली, शिवाय बुंदीची परात.

“काका, हे काय?”

“दोनशेचा हाय.”

“मी दहाबारा म्हणाले होते.”

“बाय, दोनशेच्या खाली मला बी मीठ कळत न्हाई. तात्याचाच हात माझा.”

आणि मयताला वीसच माणसं चालतील, असा हुकूम होता. त्यामुळे ताडपत्री. पण मसालेभाताला ताडपत्री काय करणार? दर्भाच्या कावळ्यावर भागवून मोकळी झालेली ती दोन्ही घरची माणसं केव्हाच घरी जायला हवी होती. ती घाटावरच रेंगाळत होती, नदी बघत. मधूनमधून वारा फिरला की सगळ्यांची नाकं टेंपोकडे वळायची.

मी लांबूनच हात हलवून रंगाकाकांना विचारलं. आमच्याकडे हे सोपं होतं. मांडवात बँड, फटाके, माइकवरून आहेर, त्यात आचारी आणि वाढपी ओरडत नाहीत, हातांनी बोलतात. मूठ वर केली की भात संपला. तळवा आडवा धरला की थांब. दोन बोटं फिरवली की आमटीची दुसरी फेरी. मी मांडवाच्या मागच्या बाजूला लहानाची मोठी झाले, ही भाषा मला अआइईच्या आधी आली. मी पिंडाकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे, मग हात उलटा केला: काय आवडायचं?

रंगाकाकांनी दोन्ही हात उलटे केले. ठाऊक नाही.

“बघा,” आत्या म्हणाली, “मंग इच्छाच राह्यली असंल कसली. बोला रे एकेक.”

आणि बोलणं सुरू झालं. आत्यानं कावळ्याला सांगितलं, की हेमाचं दुसरं लग्न ती स्वतः जमवेल, मुलगा तिच्या बघण्यात आहे, तासगावचा, फक्त थोडा बहिरा. पिंपळावर हालचाल नाही. नंदूनं फोनमधून सांगितलं, की तात्या, मी कायमचा परत येतो.

“खोटं बोलू नगं,” आत्या फोनवर डाफरली. “कावळ्याला सगळं कळतं. त्यामुळंच तर येईना झालाय. तू तिकडंच बरा हायस.”

एवढ्यात बुटांचा आवाज आला. शेवाळे हवालदार पायऱ्या उतरत होते. हातात काठी, गळ्यात शिट्टी, आणि तोंडावर, नाइलाजानं असेल, पिवळा झालरीचा मास्क.

“वीसच्या वर किती झाली?” त्यांनी विचारलं.

“वरचे तेवढे कावळे,” मी म्हणाले.

शेवाळ्यांनी टेंपोकडे पाहिलं. मोठा श्वास घेतला. मास्कमधून येईल तेवढा वास त्यांनी घेतला आणि त्यांचा चेहरा वेगळाच झाला. तो वास त्यांच्या ओळखीचा होता.

आदल्या उन्हाळ्यात तात्यांनी एक लग्न उसाच्या फडात केलं होतं. कागदावर पंचवीस माणसं, फडात तीनशे. वरात नाही, बँड नाही, सनईसुद्धा मोबाइलवर आणि तीही बारीक आवाजात. सगळं लपवता आलं, पण बुंदीचा वास लपवता आला नाही. शेवाळे नाकाच्या मागे फडात शिरले. जप्ती करायची तर कढई तापलेली, उचलता येईना. म्हणून तात्यांच्या हातातला झारा जप्त केला. तीस वर्षं ज्याच्यातून बुंदी पडली तो झारा. पंचनाम्यात बुंदीचा उल्लेख नव्हता. बुंदी तोपर्यंत उरलीच नव्हती, आणि शेवाळ्यांच्या मिशीला पाक होता, असं तात्या सांगायचे. सांगताना हसायचे. मग थोडा वेळ आपले रिकामे हात नुसते बघत बसायचे.

आत्यानं शेवाळ्यांना ओळखलं. “ह्योच! झारा ह्यानंच नेला. त्यातच अडकलाय जीव त्याचा!”

“आजी, तो मुद्देमाल आहे. कोर्टात—”

“कोरटात कुनाची बुंदी पाडायची हाय?”

घाटावरच्या सगळ्यांनी शेवाळ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या घरची माणसंसुद्धा नदी सोडून इकडे बघू लागली. गुरुजी हळूच म्हणाले, “शास्त्रात मृताची अडकलेली वस्तू परत करावी असं आहे.” शास्त्रात तसं कुठे आहे, हे मी विचारलं नाही.

शेवाळे काही क्षण काठीनं पायरी टोकरत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, पिंपळाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

“तात्या, ऑर्डर होती. माझा काय इलाज नव्हता. झारा आणतो. सहीबिही नंतर बघू.”

ते मोटारसायकलवर गेले आणि आले. झाऱ्याला सुतळीनं कागदी चिठ्ठी बांधलेली होती, गुन्ह्याचा क्रमांक लिहिलेली. आत्यानं ती तोडली, झारा पदरानं पुसला आणि पिंडाशेजारी ठेवला.

एक कावळा फांदीवरून उठला. आम्ही श्वास रोखले. तो खालच्या फांदीवर आला. आत्यानं माझा दंड धरला. कावळ्यानं झाऱ्याकडे पाहिलं, पिंडाकडे पाहिलं, पुरणपोळी, भाकरी, ठेचा सगळ्याकडे एकदा पाहून घेतलं, पंगतीला मीठ-लिंबू नीट वाढलंय का ते बघावं तसं. आणि तिथेच बसून राहिला.

“आला, आला, पन येत न्हाई,” आत्या म्हणाली, आणि तिचा ताठा पहिल्यांदा मोडला. ती पायरीवर बसली. “काय पायजे रं तुला? काय पायजे, दत्तू? सांगून तरी जायचं.”

गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि झोळीत हात घातला. शेवाळ्यांनी शिट्टी हातात घेतली, पण ओठांना लावली नाही. आत्या गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मी उगाच वर टेंपोकडे पाहिलं.

रंगाकाका माझ्याकडेच बघत होते. सकाळपासून मी उन्हात उभी, बहुतेक चेहरा उतरला असेल. त्यांनी तिथूनच, सवयीनं, हनुवटी वर उचलली आणि पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली.

ती खूण मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. साताऱ्याला ग्रंथालयात बसून मी ती विसरूनही गेले होते. भटारखान्याच्या दारातून, धुरातून, हजार माणसांच्या गोंगाटावरून तात्या दर लग्नात एकदा ती करायचे. मी पोत्यांवर बसून पुस्तक वाचत असायचे. हनुवटी वर, म्हणजे प्रश्न. बोटं तोंडाशी, म्हणजे जेवण.

जेवलीस का?

मी पायरीवरच उभी राहिले. ॲम्ब्युलन्सची काच, तिच्याआड वर उचललेली हनुवटी, तोंडाशी जुळलेली बोटं. आचारी कधी मागत नाही. मी आचाऱ्याची मुलगी, आणि मला ते मागणं वाटलं होतं.

“रंगाकाका!” मी ओरडले. तेवढ्यासाठी खूण पुरली नसती. “पानं मांडा!”

आत्यानं डोकं वर केलं. “काय म्हनलीस?”

“जेवायला बसू.”

“डोकं फिरलं का तुझं? कावळा शिवायच्या आदी?”

“आत्या, तात्या कधी कुणाच्या आधी जेवले?”

आत्यानं पिंडाकडे पाहिलं.

“शेवटची पंगत उठल्याशिवाय आचाऱ्यानं पाण्याला शिवायचं नाही, असं कोण म्हणायचं? आपण इथं उपाशी उभे आहोत, ते येतील कसे? ते आपल्यासाठी थांबलेत, आपण त्यांच्यासाठी. असं दोघंही बसून राहू.”

“आसं कुठं आसतंय का गुरुजी?” आत्यानं विचारलं.

गुरुजींनी डोळ्यांपुढचा पत्रा वर केला. बराच विचार केला. “शास्त्रात आचाऱ्याबद्दल वेगळं काही दिलेलं नाही,” ते म्हणाले. “म्हणजे मनाईही नाही.”

घाटावर नगरपालिकेनं अंतर राखायला चुन्याची वर्तुळं आखली होती. रंगाकाकांनी एकेका वर्तुळात एकेक पत्रावळ टाकली. असली देखणी पंगत मी पूर्वी पाहिली नव्हती. प्रत्येक जण आपापल्या रिंगणात, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा. मी पहिल्या वर्तुळात बसले. शेजारच्या दोन्ही घरच्यांना बोलवायची गरजच पडली नाही. नदी बघता बघता ती केव्हाच वर्तुळांत येऊन उभी होती.

“या, बसा, बसा! लाजू नका, दोनशेचा हाय!” रंगाकाकांचा आवाज वर्षभरानं फुटला. “भात, भात, भात! ताई, घालू का आजून? दादा, मास्क काढा, मास्कावर वाढू का?”

कुणीतरी हसलं. दहाव्याच्या घाटावर ते हसणं ऐकून आधी सगळे दचकले. मग दुसरं कुणी हसलं.

“मी कर्म चालू असताना अन्न घेत नाही,” गुरुजी म्हणाले. “बुंदी घेतो. बुंदी फराळात धरता येईल.”

अकरा वाजले. शेवाळ्यांनी शिट्टी ओठांना लावली. रंगाकाकांनी त्यांच्या पुढ्यातल्या वर्तुळात पत्रावळ ठेवली आणि तिच्यावर भाताचा डोंगर उतरवला.

“सायेब, शिट्टी मारली तर पंगत उठंल. मग तुमी जेवनार कुठं?”

शेवाळ्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि गणवेशाची घडी सांभाळत मांडी घातली. सबंध वर्षात त्यांनाही कुणी जेवायला बसा म्हटलं नव्हतं, हे ते जेवताना म्हणाले. लोक त्यांना बघून पळायचे.

भात तिखट होता, मिठाला बरोबर होता. दोनशेचं माप कधी चुकत नाही. ॲम्ब्युलन्स गेल्यापासून माझ्या घशाखाली नीट काही उतरलं नव्हतं. तो भात उतरला. मी पुन्हा वाढून घेतला. फोनमध्ये नंदू उभ्या उभ्या हॉटेलातला पाव चावत होता. “मीपण पंगतीत आहे,” तो म्हणाला, तोंड भरून.

पंगत उठली. पातेली रिकामी झाली. दोनशेचा भात, आणि घाटावर माणसं किती होती ते मी शेवाळ्यांसाठी इथेही सांगणार नाही.

खालच्या फांदीवरचा कावळा तिथेच होता. आला नाही.

“अजून कुणीतरी राहिलंय,” मी म्हणाले.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. ती तिच्या वर्तुळात बसली होती, पुढ्यात भरलेली पत्रावळ, तिच्यावर हात आडवा धरलेला.

“मला न्हाई जमायचं,” ती म्हणाली. “धाकटा गेला आन् थोरली जेवती.”

ती पिंपळाकडे बघत राहिली.

“ल्हानपनीबी आसाच,” ती मग कुणाला उद्देशून नाही अशी बोलली. “घरात एकच भाकरी आसायची. मी म्हनायची, तू खा. त्यो म्हनायचा, आक्का तू आदी. म्या तोंडात घातल्याशिवाय हात लावायचा न्हाई. लई हट्टी.” तिनं गुलाबी मास्क हनुवटीखाली ओढला. भाताचा घास केला. तो हातात बराच वेळ राहिला. मग तिनं तो तोंडात घातला, चावला, मोठ्या कष्टानं गिळला, आणि तोंड उघडून झाडाला दाखवलं.

“घे. गिळला बघ. आता तरी ये, मुडद्या!”

कावळा उडाला.

तो पिंडावरून गेला. पुरणपोळीवरून, ठेच्यावरून, झाऱ्यावरून गेला. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून पायऱ्या चढून टेंपोपाशी पोचला, मोठ्या पातेल्याच्या काठावर बसला, एकदा आत डोकावला आणि दिसेनासा झाला.

मग आतून आवाज आला. खर्र. खर्र. टक्. खर्र.

मी तो आवाज ओळखला. लहानपणी शेवटची पंगत उठली, बँड थांबला, की मी पोत्यांवर झोपेला यायचे, आणि मांडवाच्या मागून तो यायचा. रिकाम्या पातेल्यात वाकून उलथण्यानं बुडाला लागलेली खरवड काढण्याचा. मला वाटायचं, तात्या भांडी घासायला टाकण्याआधी खरवडून ठेवतायत. उभ्या उभ्या, काठाला टेकून, ते दर वेळी तिथेच ती खरवड जेवत होते. पानावर ठेवायला ती कुणालाच सुचली नाही.

रंगाकाकांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

गुरुजी अडखळले. “पण हा… पिंडाला नाही शिवला. पातेल्याला शिवला. शास्त्रात…”

“तुमच्या शास्त्राला सांगा,” आत्या दुसरा घास करत म्हणाली, “त्यो जल्मात कदी पानावर जेवलाय का?”

गुरुजींनी झोळीतला दर्भाचा कावळा काढला आणि कृष्णेत सोडून दिला.

पातेल्यातला आवाज थांबला. कावळा परत काठावर आला, चोचीला करपलेल्या भाताचं शीत चिकटलेलं. त्यानं मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं. मी हनुवटी वर उचलली आणि पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली.

त्यानं चोच पातेल्याच्या काठाला पुसली. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.